ब्रॅमस्विकला राहिलेला डबा

नवरात्र आलं की माझ्या आईला इंग्लंडची आठवण येते, आणि ती आठवण इंग्लंडच्या बाजूची नसते. घट बसतात, बडोद्यातलं प्रत्येक मोकळं मैदान गरब्यासाठी पत्र्यांनी बंद होतं, पासवाले आणि बिनपासवाले असे शहरात दोन वर्ण पडतात, भर दुपारी कोणीतरी तासभर माइक टेस्ट करत बसतं, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची माझी आई देवापुढे नैवेद्याची वाटी ठेवता ठेवता म्हणते, "माझा डबा मात्र त्यांनी दिला नाही."

'त्यांनी' म्हणजे इंग्रजांनी. इंग्रजांनी या देशातून काय काय नेलं, त्याची यादी मोठी आहे. मी इतिहासाचा मास्तर म्हणून ती वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवली. आमच्या घरात त्या यादीत पहिला मान एका कडीच्या पितळी डब्याचा आहे. गंमत म्हणजे तो त्यांनी नेला नव्हता, आपल्या पायांनी चालत जाऊन मीच त्यांना दिला होता. पण हे आईला सांगायचं धाडस आमच्या घरात कोणी केलेलं नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, बडोद्याच्या कडेला असलेल्या गोरव्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्याने त्यांना एका वर्षाच्या ट्रेनिंगसाठी उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅमस्विक नावाच्या गावी पाठवलं. आईला आणि मलाही बरोबर नेलं. मी नऊ वर्षांचा होतो. गाव लहान. एक चर्च, एक व्हॉल्व्हचा कारखाना, आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशा काळपट विटांच्या घरांच्या रांगा. आमची रांग तेरा घरांची, त्यातलं पहिलं आमचं. शाळेतून येताना मी दोनदा चुकून शेजारच्या घरात शिरलो होतो आणि दोन्ही वेळा त्या बाईंनी मला बिस्किट देऊन, काहीच न घडल्यासारखं दार उघडून दिलं.

त्या वर्षातला हिवाळा मला आठवत नाही. आठवतो तो शरद. आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबरातलं ऊन, डोक्यावर उभं राहून जाब विचारणारं. तिथलं ऊन शाळेच्या खिडकीतून तिरकं आत यायचं आणि फळ्यापर्यंत पोचायच्या आत दमायचं. रस्ताभर ओल्या पानांचा वास, त्यात कोळशाच्या धुराचा वास. दाराबाहेर ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची चांदीची टोपणं चिमणीएवढे पक्षी फोडायचे आणि वरची साय खायचे. आई रोज सकाळी त्यांना मराठीत शिव्या द्यायची. मुलं चेस्टनटच्या तपकिरी बिया दोरीत ओवून एकमेकांच्या बियांवर आपटायची. बी कडक व्हावी म्हणून ती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची हे मला एका मुलाने शपथ घालून सांगितलं. मीही ती विद्या घरी येऊन आईच्या लोणच्याच्या बरणीवर आजमावली. त्यावर झालेलं बोलणं इथे देत नाही.

तर त्या शरदात शाळेतल्या बाईंनी सांगितलं, रविवारी चर्चमध्ये सुगीचा सण आहे, प्रत्येकाने घरून काहीतरी आणा. सगळी मुलं काय नेतात ते दादांनी कारखान्यात विचारून ठेवलं होतं. म्हणाले, "पीचच्या फोडींचा टिन नेतात. दुकानात मिळतो. एक देऊन टाक."

"देवापुढे टिन?" आई म्हणाली. "देव काय टिन कापायची सुरी घेऊन बसलाय?"

आणि तिने शिरा केला. तिच्या हिशेबी यात दुसरा विचारच नव्हता. सुगी, देव, मुलाच्या हातून काहीतरी पाठवायचं, म्हणजे नैवेद्य. रवा तिथे मिळायचा. लोणी कढवून तूप केलं. बडोद्याहून जपून आणलेल्या वेलदोड्यांतले चार कुटले. आणि हे सगळं तिने तिच्याजवळच्या सगळ्यात चांगल्या भांड्यात, म्हणजे कल्हईच्या त्या पितळी डब्यात भरलं. नैवेद्य दाखवून झाला की भांडं घरी येतं, येताना रिकामं येत नाही, चिमूटभर साखर का होईना त्यात असते. तिला माहीत असलेल्या सगळ्या जगात हे असंच चालत होतं. इंग्लंड त्या जगात येतं की नाही, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. शाळेच्या जेवणात रव्याची एक पांढरी गिळगिळीत खीर मिळायची आणि सबंध शाळा तिचा द्वेष करायची. आता मी देवाला तीच नेतोय हे उघडं पडलं तर माझं काय होणार, या विचाराने मी डबा कोटाखाली लपवून नेला. चर्चच्या पायऱ्यांवर टिन रचले होते, सफरचंदं होती, दुधीसारखी दिसणारी अवाढव्य भाजी होती ("एवढा जून होऊ देतात?" असं आई मागून पुटपुटली), आणि मधोमध गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा एक भलामोठा पाव होता. त्या पावाच्या देठाशी कणकेचा एक इवलासा उंदीरही केला होता. मी डबा त्या उंदराजवळ ठेवला आणि मागे न बघता पळालो. देवाला उंदीर चालतो हे पाहून आईला मात्र फार बरं वाटलं. आपल्यातलेच आहेत, असं ती घरी येताना दादांना म्हणाली.

मग आई डब्याची वाट पाहू लागली.

सोमवार गेला. आठवडा गेला. डबा येईना. दादा म्हणाले, विचारून ये. आई म्हणाली, देवाला दिलेलं मागायचं कसं? दादा म्हणाले, मग सोडून दे. आई म्हणाली, वनूआत्याचा डबा सोडून कसा देऊ? या दोन वाक्यांच्या मध्ये आमचा इंग्लंडमधला उरलेला मुक्काम गेला. फेब्रुवारीत आम्ही सामान बांधून बडोद्याला परत आलो. डबा तिथेच राहिला.

आता वनूआत्या. ती आईची आत्या. बडोदे संस्थान किती पुढारलेलं होतं, मुलींच्या शिक्षणाची सक्ती आणि बालविवाहाला बंदी इथे किती आधी आली, हे बडोद्याचा मराठी माणूस पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. खरंच आहे ते. फक्त कायदा वनूआत्याच्या घरापर्यंत पोचायच्या आत तिचं लग्न उरकलं होतं, आणि शाळा पोचायच्या आत ती विधवा होऊन परत आली होती. पुढचं सगळं आयुष्य तिने भावाच्या स्वयंपाकघरात काढलं. तिला वाचता येत नव्हतं. आईच्या लग्नात तिने हा डबा दिला आणि भांडीवाल्याकडून त्यावर नाव घालून घेतलं. छोट्या छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून नाव घालायची तेव्हा पद्धत होती. 'चि. सौ. कां. शैला हिस वनूआत्याकडून.' दुकानदाराने भलतंच काही लिहिलं नाही ना, याची तिला खात्री नव्हती. तिने तो डबा दूधवाल्याला, शेजारच्या शाळकरी मुलीला, टपालवाल्याला आणि घरी आलेल्या भटजींना, अशा चौघांना एकेकटं गाठून वाचायला लावला. चौघांनीही सारखंच वाचलं, तेव्हा तिचा विश्वास बसला. इतिहासाच्या संशोधनात आम्ही यालाच स्वतंत्र साक्षी म्हणतो आणि त्यासाठी पीएच.डी. देतो.

"तिचं नाव जगात दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नव्हतं," आई म्हणते. दर नवरात्रात म्हणते.

या वर्षी तिने महिनाभर आधीच सुरुवात केली, ते ऐकून मी वैतागलो आणि संगणकावर ब्रॅमस्विक शोधलं. वैताग हे माझ्या बहुतेक संशोधनाचं मूळ आहे. तिथे आता एक स्थानिक इतिहास मंडळ आहे. त्यांच्या पानावर आवाहन होतं: गावातल्या बालपणाच्या आठवणी पाठवा, तीनशे शब्दांत, पुस्तिका निघणार आहे. मी सुगीच्या सणावर तीनशे शब्द पाठवले. डेनिस नावाच्या चिटणिसांचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फार सुंदर आठवण, पण आपण थंडीबद्दल थोडं लिहाल का? उष्ण देशातून आल्यावर बर्फ पाहून आपल्याला काय वाटलं? मी कळवलं की सुगीचा सण बर्फात होत नाही. त्यांनी आभार मानले, 'मला बर्फ पाहून आश्चर्य वाटलं' असं एक वाक्य माझ्या नावावर घातलं आणि पुस्तिकेचा कच्चा मसुदा पाठवला.

चौदाव्या पानावर डबा होता.

माझी मुलगी रेवा शेजारी बसली होती. तिच्या तोंडात मराठीपेक्षा गुजराती जास्त. तिने तो फोटो टॅब्लेटवर मोठा केला आणि आजीपुढे धरला. "आजी, जो ने, आ शुं छे?"

आईने चष्मा पुसला. मग बोट काचेवर ठेवून एकेक अक्षर वाचलं. झाकणावरचा पोचा पाहिला. तो पोचा मी पाडला होता. तिने चष्मा पुन्हा पुसला. नंतर म्हणाली, "कल्हई करायला झालीय."

"आत्या एटले फोई ने?" रेवाने विचारलं.

"हो. माझी फोई."

फोटोखाली मजकूर होता, तो मी आईला मराठीत सांगितला. विजयपात्र. एका कृतज्ञ भारतीय राजाने गावचे सुपुत्र मेजरसाहेब यांना अर्पण केलेलं. त्यावरच्या संस्कृत लेखात शत्रूच्या पराभवासाठी प्रार्थना आहे.

"शत्रूचा पराभव?" आई म्हणाली. "वनूआत्या झुरळसुद्धा मारायची नाही."

हे मेजरसाहेब कोणे एके काळी हिंदुस्थानात होते. गावात त्यांच्या नावाची एक पाटी आहे, एक गल्ली आहे आणि एक बाक आहे. त्यामुळे ब्रॅमस्विकमध्ये हिंदुस्थानातलं जे काही सापडेल ते त्यांचं. मला याचं नवल वाटू नये. आमच्या गावात तरी काय वेगळं आहे? बडोद्यात जुनी खुर्ची निघाली की ती महाराजांची, जुनं झाड दिसलं की महाराजांनी लावलेलं, आणि गळका नळ असला तरी तो महाराजांनी खास विलायतेहून मागवलेला. सकाळी वारसास्थळं दाखवत हिंडणाऱ्या एका तरुण गाइडला मी एकदा हटकलं होतं, की बाबा रे, तू दाखवतोयस तो दिवा माझ्यासमोर नगरपालिकेने बसवलाय. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, लोकोने गमे छे. तमे चालवा दो ने." लोकांना आवडतं, चालू द्या. मी तेव्हा चालू दिलं नव्हतं. आता ब्रॅमस्विकला कसं देणार?

मी डेनिसना सविस्तर पत्र लिहिलं. लेख संस्कृत नसून मराठी आहे, त्यात शत्रू नाही, आत्या आहे. लेखाचं अक्षरशः भाषांतर पाठवलं. उत्तर अत्यंत सभ्य होतं. इंग्रज माणूस नकार देतो तेव्हा तो नकार आहे हे कळायला दोन दिवस लागतात. मंडळाचे तज्ज्ञ श्री. पेंबरी यांनी तरुणपणी दोन वर्षं कलकत्त्याला चहाच्या कंपनीत काढली असून त्यांना लेखाच्या प्रार्थनास्वरूपाबद्दल शंका नाही. शिवाय नवव्या वर्षाच्या आठवणी फसव्या असतात. तरीही मंडळ उदार आहे, तळटीप देता येईल: 'हे पात्र घरगुती वापराचं असावं असाही एक मतप्रवाह आहे.'

मी, माझी आई, वनूआत्या, दूधवाला, टपालवाला, ती शाळकरी मुलगी आणि भटजी असे सगळे मिळून एक मतप्रवाह.

मी आईला म्हटलं, जाऊ दे, तळटीप तर तळटीप. पुस्तिका पंधरा दिवसांत छापायला जाणार. आई खुर्चीतून उठली. हल्ली ती उठते तेव्हा आम्ही सगळे उठतो. म्हणाली, "एवढी वर्षं मी तुला डबा डबा म्हणत आले, तुला वाटलं म्हातारी भांड्यासाठी रडतेय. अरे, भांडी मी खंडीभर पाहिली. तिच्या नावावर त्यांनी त्या मेजरला बसवलाय, तो उठव."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं मी तिचं बोलणं ऐकलंच नव्हतं. मी वैताग ऐकला होता.

दुसऱ्या पत्रात मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की हे पात्र मंडळाकडे कुणाकडून आलं, याची नोंद असेलच. नोंद होती. नोंदीच्या बाबतीत इंग्रजांना मानलं पाहिजे, मग ती वाचोत न वाचोत. डेनिसनी ती शोधली आणि त्यांचा सूर बदलला. डबा आला होता आमच्याच रांगेतल्या शेवटच्या घरातून, आयव्ही नावाच्या विधवा बाईंच्या सामानातून. त्यात बटणं होती. बाईंची भाची गावातच राहते. डेनिस तिच्याकडे चहाला गेले. ती म्हणाली, हो तर, मावशीची बटणं. चर्चमध्ये सुगीच्या सणाला जमलेलं खाणं नंतर गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना वाटायची पद्धत होती, त्यात मावशीच्या वाट्याला हा डबा आला. आत काहीतरी गोड होतं. इतकं चांगलं की तिने ते तीन दिवस पुरवून खाल्लं. मग डबा परत कुणाला द्यायचा म्हणून ती पाद्रीबुवांना विचारायला गेली. ते म्हणाले, त्या परदेशी कुटुंबाने दान दिलंय. भांडं परत हवं का असं विचारणं म्हणजे त्यांच्या दानावर संशय घेणं, ते बरं दिसणार नाही.

म्हणजे त्या रांगेच्या एका टोकाला माझी आई मागायचं कसं म्हणून बसली होती आणि दुसऱ्या टोकाला आयव्हीबाई द्यायचं कसं म्हणून. मध्ये अकरा घरं. दोघींपैकी कोणीही संध्याकाळी दूध संपल्याच्या निमित्ताने तेवढं चालली असती तर काम झालं असतं. दोन देशांमधल्या सभ्यपणाचं एवढं संपूर्ण यश मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मंडळाने ठराव केला. मेजरसाहेब चौदाव्या पानावरून हलले. श्री. पेंबरींनी मतदानात भाग घेतला नाही असं कळलं. आणि डेनिसनी लिहिलं, की झाल्या गोष्टीबद्दल मंडळाला मनापासून खेद आहे, पात्र आपल्या मातोश्रींना सन्मानपूर्वक परत पाठवण्यात येईल, पत्ता कळवावा.

अष्टमीची सकाळ होती. मी मोठ्या आवाजात ते पत्र आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, ती रडेल. मीच जरा तयारीत होतो.

आई म्हणाली, "नको."

"नको म्हणजे?"

"इथे आणून काय करायचं? तुला आठवतं, स्टील आलं तेव्हा?"

मला आठवत होतं. शाळा सुटून कॉलेजात जायच्या सुमाराला घराघरात स्टीलचं वारं आलं. पितळेला चिंच लावून घासायचा, कल्हई करून आणायचा कंटाळा सगळ्यांनाच होता. लग्नातली, मुंजीतली, डोहाळजेवणातली, नावं घातलेली सगळी पितळी भांडी आईने पोत्यात भरून मोडीत दिली आणि चकचकीत डबे आणले. मामाकडून, काकूंकडून, माहेरच्या समस्त मंडळींकडून आलेली सगळी नावं त्या पोत्यात गेली.

"परत मिळाला असता तर तोही मीच घातला असता मोडीत," आई म्हणाली. "वनूआत्याचा म्हणून बाजूला काढला असता असं मला आता वाटतं. पण तेव्हा काढला नसता. मी स्वतःला ओळखते." मग म्हणाली, "त्या बाईने बटणं ठेवली म्हणून राहिला. राहू दे तिथेच. काचेत आहे, वर दिवा आहे. फक्त कल्हई करू नका म्हणावं, नाव पुसटेल."

मी तसं कळवलं. डेनिसना ते पत्र इतकं आवडलं की त्यांनी ताबडतोब एक फॉर्म पाठवला. वस्तू मंडळाकडे कायम राहायची तर मूळ दात्याचं नाव रीतसर नोंदवलं पाहिजे. तेच पाटीवर आणि पुस्तिकेत जाईल. नाव. आडनाव. आडनावाच्या चौकटीभोवती लाल रेघ होती. ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"आई, वनूआत्याचं आडनाव काय?"

"तिला कुठलं आडनाव?"

"सासरचं काय होतं?"

"आठवत नाही. आठवलं तरी सांगणार नाही. दोन वर्षांत परत पाठवली तिला त्यांनी."

"मग माहेरचं लिहू. तुझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलाय की मोठा. त्यात तिची नोंद असेल."

"बघ त्यात," आई म्हणाली.

मी कपाटातून तो जाडजूड ग्रंथ काढला. मूळ पुरुषापासून सुरुवात, सनदा, इनामं, कोण कुठल्या हुद्द्यावर होता, कोणाला महाराजांनी पागोटं दिलं. आईच्या आजोबांच्या नावापुढे होतं: तीन पुत्र, एक कन्या. पुत्रांची नावं खाली होती, त्यांच्या पदव्यांसकट.

"त्यांनी तिचं नाव छापलं नाही," आई म्हणाली, "आपण त्यांचं कशाला छापायचं?"

"अगं, पण काहीतरी लिहावं लागेल. हा फॉर्म सोडत नाही."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या मैदानात मांडव घालणारे आज पुन्हा माइक टेस्ट करत होते.

"बडोदेकर लिही," ती म्हणाली.

"आई, हे तिचं आडनाव नाही. हे आपण आत्ता बनवतोय."

"बनवतोय तर बनवतोय. इथे जन्मली, इथे गेली. जवळच्या सावली गावाच्या पलीकडे कधी गेली नाही. दुसरं कुठलं गाव, दुसरं कुठलं घर तिला आपलं म्हणालं सांग, ते लिहू."

मी कीबोर्ड पुढे ओढला. मेजरसाहेबांना पुराव्याअभावी उठवून पुरते चार दिवसही झाले नव्हते. मी चौकटीत अक्षरं टाइप केली: वनू बडोदेकर. लाल रेघ नाहीशी झाली.